जपानी टीव्हीवर परदेशी चेहरा: नोकरी सोडायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्याच्या, वय २७, तीन वर्षांपासून टोकियोत आयटी कंपनीत आहात. जपानीची एन-टू परीक्षा पास, सगळ्यात वरच्या एन-वनची तयारी चालू. ऑफिसच्या वर्षअखेरच्या बोनेनकाईत तुम्ही जपानीत दहा मिनिटं एकटीने लोकांना हसवलंत, त्याचा व्हिडिओ फिरला आणि एका एजन्सीचा फोन आला. नोकरी सोडून पूर्णवेळ या, सहा महिने प्रशिक्षण घ्या, शुल्क तुम्ही भरा, मग टीव्हीवर काम देऊ. तुम्ही विचारताय की परदेशी माणसाचं जपानी टीव्हीवर खरंच करिअर होतं का, आणि ही उडी मारावी का.

करिअर होतं. उडी मारू नका. आणि त्या एजन्सीला एक येनही देऊ नका. आता कारणं सांगते, जरा लांबणार आहे.

मी २००१ मध्ये टोकियोला आले. पुण्यात जपानी शिकले होते, इकडे दुभाषी म्हणून काम मिळालं. पहिल्याच वर्षी ओळखीच्या एका बाईंनी विचारलं, उद्या एका चित्रीकरणाला परदेशी चेहरा हवाय, येतेस का? तेव्हापासून कॅमेऱ्यासमोर बसले, जपानी पथकांना भारतात घेऊन फिरले, आणि आता काही वर्षं कार्यक्रमांसाठी परदेशी माणसं निवडताना दिग्दर्शकाच्या शेजारी बसते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आधी 'तारेन्तो' हा शब्द नीट समजून घ्या. इंग्रजीतल्या टॅलेंटवरून आलेला आहे, पण अर्थ तो राहिलेला नाही. गातो तो गायक, अभिनय करतो तो नट. तारेन्तो म्हणजे टीव्हीवर 'असणारा' माणूस. त्याला बोलावतात ते त्याच्या स्वभावासाठी, आणि टीव्हीपुरता ठरलेल्या त्या स्वभावाला 'क्यारा' म्हणतात. परदेशी माणसाला क्यारा आयता मिळतो, दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच. सोय तीच आहे आणि अडचणही तीच.

सुरुवात बहुतेकांची होते तशीच माझी झाली. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला सुबारू बिल्डिंग होती. आता ती पाडली, पण चित्रीकरणाच्या बस तिच्यासमोरून सुटायच्या हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे साडेपाचला तिथे उभं राहायचं, यादीवर नाव सांगायचं, बसमध्ये शिरताना सगळ्यांना 'ओहायो गोझाइमासु' म्हणायचं. संध्याकाळचं काम असलं तरी हेच म्हणायचं, या धंद्यात दिवसाची पहिली भेट म्हणजे सकाळच. हातात जेवणाचा गार डबा यायचा. कामं मुख्यतः 'साइगेन'ची, म्हणजे परदेशात घडलेल्या घटना नाट्यरूपात पुन्हा दाखवायच्या. मी त्या काळात इराणी शेजारीण झाले, ब्राझिलची नर्स झाले, मेक्सिकोत भूत पाहिलेली आई झाले. संवाद असतील त्या भाषेत, नाहीतर तोंड हलवायचं, वर जपानी आवाज चढायचा. पैसे थोडे, तेही दीड-दोन महिन्यांनी. पण लाइट कुठून येतो, चुकलं तर कोणाकडे बघायचं, थांबायचं कसं, हे मी तिथे शिकले. तुमच्या व्हिडिओत विनोदाचं अंग दिसतं, ही शिस्त मात्र अजून शिकायची आहे. आणि ती शिकायला नोकरी सोडावी लागत नाही, शनिवार-रविवार पुरतो.

स्टुडिओत पहिल्यांदा बसले तो दिवस नीट आठवतो. पाहुण्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीला इथे 'हिनादान' म्हणतात. मार्चमध्ये मुलींच्या सणाला बाहुल्या अशाच पायऱ्यांवर मांडतात, आपल्या चैत्रगौरीच्या आरासीसारख्या, त्यावरून आलेलं नाव. मी तिसऱ्या पायरीवर डाव्या टोकाला. समोर पडद्यावर चित्रफीत चालू होती, गरम पाण्याच्या फवाऱ्याच्या जपानी कमोडवर. सहायक मुलगा कॅमेऱ्याखाली गुडघ्यावर बसून चित्रकलेच्या वहीत जाड पेनने सूचना लिहून दाखवत होता, त्याला 'कानपे' म्हणतात. वहीवर माझं नाव आणि खाली एवढंच: अजून आश्चर्य वाटू दे. मला तेव्हा जपानमध्ये चार वर्षं झाली होती, घरी तसाच कमोड होता. मी तोंड उघडून डोळे मोठे केले. साडेतीन तासांच्या चित्रीकरणातून माझे दोन सेकंद दिसले, तेच. ती कॅसेट मी सांगलीला पाठवली. आईने फोनवर एवढंच विचारलं, "तुला खरंच एवढं नवल वाटलं होतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नानेच मी या कामाकडे गंभीरपणे बघायला लागले.

पुढच्या खेपेला दुसऱ्या एका कार्यक्रमात करीचा विषय होता. 'इंदो-जिन', म्हणजे भारतीय माणूस, म्हटलं की करी आणि नान, यातून सुटका नाही. सूत्रधाराने विचारलं, घरी रोज नान भाजता का? मी सांगितलं की मी आयुष्यातला पहिला नान हॉटेलात खाल्ला, आमच्या घरी ज्वारीची भाकरी असायची, आणि आजी ती परातीत हाताने थापायची, थापतानाचा आवाज ऐकून आम्ही पाटावर येऊन बसायचो. हाताने आवाज करून दाखवला. सूत्रधार दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं नान खातोय ते कोणाचं घरचं जेवण?" सगळी हिनादान हसली. तो भाग पूर्ण दाखवला, आणि त्यानंतर वर्षभर मला भाकरीवाली भारतीय बाई म्हणून बोलावणं येत होतं. इथे अशा खऱ्या, छोट्या, स्वतःच्या गोष्टीला 'नेता' म्हणतात, विनोदाचा कच्चा माल. एक चांगला नेता दहा एन-वनच्या सर्टिफिकेटांपेक्षा जास्त कामं देतो.

भाषेबद्दल तुमचा समज आहे की एन-वन झालं की दार उघडेल. परीक्षा द्या, ती उपयोगी आहेच. पण टीव्हीवर परदेशी माणूस बोलतो किती? तासाभराच्या कार्यक्रमात मिनिटभर मिळालं तर दिवस चांगला गेला म्हणायचं. उरलेला वेळ तुम्ही ऐकत असता, आणि तुमचं ऐकणं दिसत असतं. चित्रफीत चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत पाहुण्याचा चेहरा दाखवतात, तिला 'वाइपु' म्हणतात. नियंत्रण कक्षात एक जण फक्त हेच बघत असतो की या क्षणी कोणाचा चेहरा चौकटीत टाकावा. ज्याचा चेहरा खरंच ऐकतोय, तो. म्हातारा टोफूवाला पहाटे तीनला उठून सोयाबीन वाटताना दाखवला आणि तुम्हाला तुमच्या गल्लीतला दूधवाला आठवला, तर ते चेहऱ्यावर उमटतं. नुसतं 'एऽऽऽ' करून ओरडलात तर तेही दिसतं.

जपानी संभाषणात 'आइझुची' नावाची गोष्ट आहे. समोरचा बोलत असताना मध्येमध्ये दिलेले होकार: हाइ, ए, नारुहोदो. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना म्हणायची ना, "हुंकार दे, नाहीतर मी थांबते." तेच. हुंकार कधी द्यायचा, किती वेळा, कुठे मुद्दाम द्यायचा नाही, याचं भान असलेला परदेशी माणूस दिग्दर्शकाला लाखमोलाचा वाटतो, कारण त्याच्यासमोर बोलणारा जपानी पाहुणा खुलतो. विनोदाच्या जोडीतसुद्धा, त्यांच्या मान्झाईत, एक 'बोके' असतो, वेडंवाकडं बोलणारा, आणि एक 'त्सुक्कोमी', त्याला टोकणारा. तमाशातली बतावणी पाहिली असेल तर सोंगाड्या आणि त्याला अडवणारा हे नातं लगेच कळेल. परदेशी माणसाला सगळे बोके समजून चालतात. तुमचा बोनेनकाईचा व्हिडिओ मात्र त्सुक्कोमीचा होता, तुम्ही जपानी ऑफिसातल्या सवयींना टोकत होता. हे तुमचं बलस्थान आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली कोणी तुम्हाला बोके करायला निघालं तर सावध राहा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, कारण माझं सगळं म्हणणं याच भागात आहे. जपानी टीव्हीवर जे परदेशी टिकले, त्यांची यादी डोळ्यांसमोर आणा. जवळपास प्रत्येकाच्या हातात दुसरं काम होतं.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून आलेले अँटन विकी, इथल्या लोकांचे 'विकी-सान'. टोकियो विद्यापीठात शिकायला आले आणि अभ्यासक म्हणूनच वाढले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या निप्पॉन टीव्हीच्या 'झूम इन!! आसा!' या सकाळच्या कार्यक्रमात ते रस्त्यावर, स्टेशनबाहेर, कामावर निघालेल्या माणसाला अचानक गाठून इंग्रजीत प्रश्न विचारायचे. सूटबूट घातलेले लोक हात हलवत पळायचे, काही धीर करून दोन शब्द बोलायचे. विकी-सान कोणाची टर उडवत नसत, शेवटी एक वाक्य शिकवून सोडत. आज साठीच्या पुढच्या कोणत्याही जपानी माणसाला नाव सांगून बघा, चेहरा उजळतो. सावळ्या दक्षिण आशियाई माणसाला त्या काळात रोज सकाळी शिक्षक म्हणून स्वीकारलं गेलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अमेरिकेचे केंट गिल्बर्ट वकील होते. १९८३ मध्ये सुरू झालेल्या किमतींच्या प्रश्नमंजूषेने त्यांना घराघरात नेलं, पण वकिली हा त्यांचा पाया होता. त्याच वर्षी शिकागोचे डेव्ह स्पेक्टर एका अमेरिकी कार्यक्रमाचे निर्माते म्हणून जपानला आले. ते पडद्यावर शब्दांच्या कोट्या करतात हे सगळ्यांना दिसतं, पण मुळात ते निर्माते, त्यांची स्वतःची कंपनी आहे. पॅट्रिक हार्लन, म्हणजे 'पाक्कुन', हार्वर्डमध्ये शिकले, १९९३ मध्ये फुकुईला येऊन इंग्रजी शिकवू लागले, आणि १९९७ मध्ये जपानी जोडीदाराबरोबर 'पाक्कुन माक्कुन' ही विनोदी जोडी केली. त्यांनी संवादकौशल्याचा विषय विद्यापीठातही शिकवला आहे. पर्थहून आलेला चॅड मलेन ओसाकाच्या विनोदाच्या परंपरेत गुरूकडे राहून तयार झाला, आणि जपानी विनोदी चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं देण्याचं अवघड काम करतो. बेनिनचे झोमाहून रुफिन १९९८ ते २००२ चाललेल्या टीबीएस वाहिनीच्या 'कोको गा हेन दा यो निहोनजिन' ('जपानी लोकहो, हे विचित्र आहे') मधल्या वादांतून गाजले. मिळालेल्या पैशातून त्यांनी आपल्या देशात शाळा उभ्या केल्या, आणि २०१२ मध्ये ते बेनिनचे जपानमधले राजदूत झाले.

तुमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण 'आत्सुगिरी जेसन'चं आहे, नावाचा अर्थ 'जाड कापलेला' जेसन. आयटी कंपनीत अधिकारी असताना विनोद शिकायला गेला. रंगमंचावर येऊन काही महिन्यांतच, २०१५ मध्ये, एकपात्री विनोदाच्या 'आर-वन' स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. कांजी, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांवर चिडून "व्हाय, जॅपनीज पीपल!" असं ओरडणं देशभर गाजलं. इथे एका घोषणेवर गाजून विझणाऱ्याला 'इप्पात्सुया' म्हणतात, एकदाच बार उडवणारा माणूस. जेसनबद्दलही लोक तेच म्हणत होते. त्याने आयटीतलं काम सोडलं नाही. पुढे गुंतवणुकीवर लिहिलेलं त्याचं पुस्तक भरपूर खपलं, आणि आता पैशांच्या विषयावर त्याला बोलावतात. ओरडण्याची गरज राहिली नाही.

हे योगायोगाने झालेलं नाही. दुसरं काम असलं की दोन गोष्टी होतात. पहिली, तुम्हाला नाही म्हणता येतं. दुसरी, तुमच्याकडे सांगण्यासारखं काही साठत राहतं. फक्त टीव्हीच करणाऱ्याचे 'नेता', म्हणजे सांगायच्या गोष्टी, दीड-दोन वर्षांत संपतात, कारण तो जगतो कुठे, तर मेकअपच्या खोलीत.

नाही म्हणण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुम्ही बाई आहात आणि आपला रंग सावळा आहे. परदेशी लोकांमध्येही इथे पायऱ्या आहेत. गोऱ्या अमेरिकी माणसाला राजकारणावर मत विचारतात, आपल्याला करीवर. ही रीत हळूहळू बदलते आहे, पण आहे. २०१७ च्या ३१ डिसेंबरला एका फार लोकप्रिय कार्यक्रमात एका ज्येष्ठ विनोदवीराने तोंड काळं करून एडी मर्फी या कृष्णवर्णीय अमेरिकी नटाचं सोंग आणलं, त्यावर इथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी उघडपणे आक्षेप घेतला, तेव्हा कुठे अनेक निर्मात्यांना या गोष्टीचा विचार करावा लागला. मला स्वतःला एकदा सांगितलं गेलं की चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेल्या एका कलाकाराच्या मागे साडी नेसून मान हलवत नाचायचं. मी नकार दिला. त्या कार्यक्रमाने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या महिन्याचं घरभाडं दुभाषाच्या कामातून निघालं, म्हणून नकार देता आला. माझ्याबरोबरच्या मुलीकडे दुसरं काम नव्हतं. ती नाचली, आणि बसमध्ये परत येताना सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्यावर माझा काडीचाही राग नाही.

बाई म्हणून आणखी एक. हाँगकाँगची गायिका ॲग्नेस चॅन १९७२ पासून इथे लाडकी होती. १९८७ मध्ये ती तान्ह्या बाळाला घेऊन स्टुडिओत येऊ लागली आणि देशभर वाद पेटला. कामाच्या जागी मूल आणावं का, यावर मोठमोठ्या लेखिका भांडल्या. ती मागे हटली नाही, पुढे स्टॅनफर्डमध्ये शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट केली, १९९८ मध्ये जपान युनिसेफ समितीची राजदूत झाली. तुम्ही आता २७ च्या आहात. दहा वर्षांनी तुम्हाला या स्टुडिओत कशा रूपात बसायचंय याचा विचार आताच करून ठेवा.

बोलण्याच्या रीतीतही एक सापळा आहे. जपानीत मोठ्यांशी सलगीच्या भाषेत बोलणं म्हणजे 'तामेगुची'. परदेशी माणसाने ते केलं की हशा पिकतो, बॉबी ओलोगनसारखा नायजेरियन कलाकार २००१ च्या सुमारास त्याच्या मोडक्यातोडक्या बेधडक जपानीमुळेच लोकांना आवडला. दिग्दर्शक तुम्हालाही सांगेल, केगो, म्हणजे आदराची भाषा, सोडा, मोकळं बोला. कॅमेऱ्यासमोर बोला. पण दिवा विझल्यावर त्याच ज्येष्ठ कलाकाराच्या खोलीच्या दारात जाऊन वाकून, शुद्ध केगोत, "आज सांभाळून घेतलंत, आभारी आहे" म्हणून या. पुढचं बोलावणं बहुतेक वेळा त्या दारात ठरतं.

आता कागदपत्रं. इथे भावना बाजूला ठेवा.

तुमचा व्हिसा 'गिजिन्कोकु', म्हणजे अभियंता वगैरेंचा. त्यावर पैसे घेऊन टीव्हीवर काम करता येत नाही. त्यासाठी इमिग्रेशनकडून 'शिकाकुगाइ कात्सुदो', म्हणजे व्हिसाबाहेरच्या कामाची परवानगी वेगळी मागावी लागते, कामाची कागदपत्रं जोडून. शिवाय कंपनीचे जोडधंद्याचे नियम बघा. नोकरी सोडलीत तर १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, आणि योग्य कारणाशिवाय ३ महिने त्या व्हिसाचं काम केलं नाही तर व्हिसा रद्द होऊ शकतो. कलाकारांचा 'कोग्यो' व्हिसा वेगळा असतो, तो करार दाखवल्यावर मिळतो, प्रशिक्षणावर नाही. म्हणजे तुम्हाला फोन करणारी एजन्सी तुम्हाला सहा महिने व्हिसाच्या दृष्टीने अधांतरी ठेवायला निघाली आहे. त्यांनी हे सांगितलं नसेल तर त्यांना माहीत नाही किंवा पर्वा नाही, दोन्ही वाईटच. कायमस्वरूपी निवासाचा परवाना किंवा जोडीदाराचा व्हिसा असलेल्यांना हा त्रास नाही, म्हणून जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकून फसू नका. शंका असेल तर 'ग्योसेइशोशी'कडे, म्हणजे सरकारी अर्जांच्या परवानाधारक सल्लागाराकडे जा.

एजन्सी, म्हणजे 'जिमुशो'. खरी जिमुशो तुमच्या मानधनातून हिस्सा घेते, आधी पैसे मागत नाही. मी २००२ मध्ये फोटो आणि उच्चाराच्या शिकवणीसाठी एका छोट्या जिमुशोला दोन महिन्यांचं घरभाडं जाईल एवढे पैसे दिले. बदल्यात गर्दीत उभं राहायची तीन कामं मिळाली, आणि वर्षभरात तिचा फोन लागेनासा झाला. म्हणून तुमचा प्रश्न वाचताना मला इतकं लागलं. परदेशी चेहऱ्यांच्या एजन्सी साधारणपणे एकट्यात बांधून घेत नाहीत, तीन-चार ठिकाणी नाव नोंदवता येतं. 'सेन्झोकु', म्हणजे फक्त आमच्यासाठीच, असा करार पहिल्या दोन वर्षांत करू नका. आणि लेखी मागा. १९१२ मध्ये सुरू झालेल्या योशिमोतो कोग्योसारख्या विनोदाच्या सगळ्यात मोठ्या घराण्यातही बहुतेक कलाकारांशी लेखी करार नव्हता, हे २०१९ च्या वादात देशाला कळलं. नोव्हेंबर २०२४ पासून फ्रीलान्स कामगारांसाठी कायदा लागू झाला आहे, त्यानुसार काम देणाऱ्याने अटी लेखी द्यायच्या आणि ६० दिवसांत पैसे द्यायचे. हा कायदा नम्रपणे तोंडाने उच्चारायला शिका.

मानधनातून १०.२१ टक्के कर आधीच कापून येतो. नोकरीशिवायची कमाई वर्षाला २ लाख येनच्या वर गेली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतः विवरण भरायचं, पावत्या जपून ठेवायच्या.

काळाबद्दल एक सांगायलाच हवं. विकी-सानच्या वेळी परदेशी माणूस हीच बातमी होती. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून जास्त परदेशी रहिवासी होते. कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री गल्ल्यावर नेपाळी मुलगा असतो आणि त्याची जपानी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली असते. २०१९ मध्ये इंटरनेटवरच्या जाहिरातींचा खर्च टीव्हीच्या पुढे गेला, त्यानंतर हिनादान लहान होत गेली. नुसतं परदेशी असण्याला आता फार किंमत उरलेली नाही. पण विषय माहीत असलेल्या परदेशी माणसाला मागणी आहे, विशेषतः आपल्याकडच्या. अंबरनाथमध्ये वाढलेले, पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोतल्या एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले, तेव्हा कितीतरी वाहिन्यांना पहिल्यांदा जाणवलं की तिथल्या निशिकासाई भागात भारतीयांची अख्खी वस्ती आहे, शाळा आहेत, भाड्याचे आणि कचऱ्याच्या वर्गीकरणाचे प्रश्न आहेत. अशा विषयांवर जपानीत, जपानी ताल सांभाळून, दोन वाक्यांत बोलू शकेल अशी भारतीय बाई मी आजही शोधते आहे आणि सापडत नाही. तुम्ही आयटीत आहात, जपानी ऑफिस आतून पाहिलंय, शिवाय टोकायची नजर आहे. ही तुमची जागा असू शकते. नोकरी सोडलीत की ती जागाच जाते.

तर पुढचं वर्षभर असं करून बघा. कंपनीत विचारा. मग शिनागावाच्या इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करा, स्टेशनच्या कोनान बाजूने बस मिळते, सकाळी लवकर जा. परवानगी आल्यावर तीन एजन्सींकडे नाव नोंदवा आणि शनिवार-रविवारची साइगेनची कामं घ्या. महिन्यातून एकदा छोट्या हॉलमधल्या हौशी विनोदाच्या रंगमंचावर पाच मिनिटं उभ्या राहा, जिथे तुमचे सहकारी नसतील. बोनेनकाईतले लोक तुम्हाला ओळखत होते, ते हसणं वेगळं होतं. कार्यक्रम बदलतात ते एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच्या दोन-तीन महिने आधी निर्माते नवे चेहरे बघतात, तेव्हा तुमची चित्रफीत तयार असू दे. नावही ठरवून ठेवा. आपल्या नावांतले 'ळ' आणि 'ज्ञ' काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, बसत नाहीत, पडद्याखालच्या पट्टीत चार-पाच अक्षरांत मावेल असं काही निवडा, पण ते तुमच्या घरी कोणीतरी तुम्हाला हाक मारायला वापरत असलेलं असावं.

आणि मला ती चित्रफीत पाठवा. बोलतानाची नको, ती मी पाहिली आहे. समोर कोणाला तरी बसवा, शक्यतो वयस्कर जपानी शेजाऱ्याला, त्यांना त्यांच्या गावाबद्दल बोलतं करा आणि फोन तुमच्या चेहऱ्याकडे तोंड करून ठेवा. तीन मिनिटं पुरे.